मारोतभाऊंचं येणं-जाणं

मारोतभाऊ ज्या कामासाठी यायचे, ते काम पहिल्या भेटीत कधीच सांगायचे नाहीत. आमच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरवर ते पहिल्यांदा आले तेव्हा हातात दुधी भोपळा होता. ‘मांगच्या अंगणातला हाय’ एवढं म्हणाले, पाणी प्याले, कूलरकडे कान देऊन थोडा वेळ बसले आणि उठून गेले. दुसऱ्यांदा आले ते तेलाची डबी घेऊन. कूलरच्या मोटरला तेल घातलं, आवाज बंद केला, पुन्हा पाणी प्याले आणि गेले. तिसऱ्या खेपेला बायकोला, कमलाबाईंना घेऊन आले. माझा नवरा म्हणाला, “काहीतरी काम आहे बघ यांचं.” मी म्हटलं, काम असतं तर बोलले नसते का? मी नाशिकची. आमच्याकडे माणूस दारातच काम सांगून मोकळा होतो.

ते बोलले चौथ्या खेपेला.

वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये त्यांची नोकरी, निवृत्तीला थोडा काळ उरलेला. उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा माणूस. चंद्रपूरच्या मे महिन्यातही लावायचे. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा दिवसभर घरात बसून शाळांच्या, दवाखान्यांच्या, दुकानांच्या वेबसाइट बनवायचे. कॉलनीत हे कुणाला धड कळत नसे. ‘त्या बाई दिवसभर कॉम्प्युटरवर असतात’ इतकीच माझी ख्याती होती आणि तेवढ्यावरच मारोतभाऊंनी मला हेरलं होतं.

“वहिनी, माहा एक ब्लॉग हाय,” ते म्हणाले. “कोणी वाचत नाई.”

ब्लॉग रानभाज्यांचा होता. कमलाबाई सांगायच्या आणि ड्युटी नसेल तेव्हा हे मोबाईलवर टाइप करायचे. फोटोही यांचेच, बऱ्याच फोटोंत कोपऱ्यात यांचा अंगठा. मी हसले. तेही हसले. मग त्यांनी फोनवर एक पान उघडून माझ्यापुढे धरलं आणि त्यानंतर मी बराच वेळ हसले नाही.

पान अळंबीचं होतं. पावसाळ्यात इकडच्या रानात उगवणाऱ्या अळंबीला सात्या म्हणतात. वारुळाजवळच्या चांगल्या सात्या म्हणजे मटणालाही मागे सारणारी चीज, आणि त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या विषारीही असतात. मागच्या पावसाळ्यात कमलाबाईंच्या माहेरी, अहेरीकडच्या एका गावात, रानातून सात्या आणल्या होत्या. घरात दोघांना शंका आली. भाच्याने फोनवर शोधलं. सगळ्यात वर जे पान आलं त्यावर लिहिलं होतं की भाजी उकळताना चांदीचं नाणं टाका, काळं पडलं नाही तर बिनधास्त खा. नाणं टाकलं. ते काळं पडलं नाही. घरच्या सगळ्यांनी भाजी खाल्ली. बाकीचे दवाखान्यातून घरी आले, कमलाबाईंची आई आली नाही.

“नाण्याचं काई खरं नसते,” मारोतभाऊ म्हणाले. “चंद्रपूरच्या एका रिटायर प्रोफेसरले इचारलं. बॉटनीवाले हायेत. ते म्हणे, घरी करता येईन अशी कोणतीच परीक्षा नाई. मंग मी हे पान लिवलं. फोटो त्याईनं तपासून देल्ले. पण लोकाईले अजून तोच शिक्केवाला दिसून राह्यला.”

आम्ही दोघांनी शोधून पाहिलं. शिक्केवाला, म्हणजे ते नाण्याचं पान, पहिला. मारोतभाऊंचं पान शोधत आम्ही खाली खाली गेलो, पुढच्या पानावर, त्याच्या पुढच्या पानावर. ते विचारत राहिले, “कुठी हाय आपलं?” शेवटी मी म्हटलं, “दिसत नाही, भाऊ.”

“म्हंजे लिवलं काय अन् नाई लिवलं काय.” त्यांनी फोन खिशात ठेवला. “वहिनी, सात्या निंघाच्या आंधी हे पान त्याच्यावर आलं पाह्यजे. तेवढं एकच काम हाय माहं.”

शिक्केवाल्या साइटला मी आधी सरळ पत्र लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, उत्तर नाही. मग मारोतभाऊंना मी लिंकचं प्रकरण समजावलं. सर्च करणाऱ्या यंत्राला खरं-खोटं कळत नाही, पण कोण कोणाकडे बोट दाखवतो ते कळतं. चांगल्या, विश्वासाच्या साइट तुमच्या पानाची लिंक देऊ लागल्या की यंत्राला वाटतं, इथे काहीतरी दम आहे, आणि ते तुम्हाला वर आणतं. मला वाटलं होतं दोन-तीनदा सांगावं लागेल.

“मंडईच हाय ही,” ते म्हणाले.

दिवाळीनंतर इकडे झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. ज्या गावची मंडई त्या गावात घरोघर पाहुणे, जेवणं, बाजार, रात्री नाटक. आज मी तुमच्याकडे, उद्या तुम्ही माझ्याकडे. कोणाच्या अंगणात किती पाहुणे उतरले आणि ते कोणत्या गावचे, यावरून त्या घराची पत ठरते. हे सगळं मला त्या दिवशी त्यांनीच सांगितलं आणि वर म्हणाले, “पण वहिनी, आपण कोणाच्या मंडईले गेलोच नाई तं आपल्या मंडईले कोण येईन?”

मी तोवर एक छानसा मजकूर तयार केला होता. नमस्कार, आपली साइट आवडली, आमच्या पानाची लिंक द्यावी ही विनंती. नाव बदलायचं आणि सगळीकडे धाडायचं. या धंद्यात सगळे असंच करतात. मारोतभाऊंनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, “आवडली म्हंता, वाचली का?”

“सगळ्या कशा वाचणार भाऊ?”

“मंग आवडली कशी?”

तो मजकूर तिथेच मेला. त्यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला आजही कळत नाही. ड्युटीवरून आले की मारोतभाऊ आंघोळ करायचे, बनियनवर इस्त्रीचा शर्ट चढवायचे, वरचं बटण लावायचे आणि मग दुसऱ्याचा ब्लॉग उघडायचे. कमलाबाईंनी मला हे हसत हसत सांगितलं. खात-पीत कोणाचा ब्लॉग वाचायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “दुसऱ्याच्या घरी जाऊन राह्यलो ना.”

नागपूरच्या एक बाई स्वयंपाकाचा ब्लॉग लिहीत. पुष्कळ वाचक होते त्यांना. मारोतभाऊंनी त्यांची पाटवडीची पाककृती कमलाबाईंकडून करून घेतली, खाल्ली आणि खाली लिहिलं की वडी झकास झाली, पण रश्शाला मीठ जास्त होते, आपल्या चमच्याचा आकार कळवावा. मी कपाळावर हात मारला. त्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं की आपला चमचा लहान आहे, हे आजवर कोणी सांगितलंच नव्हतं, आणि पाककृती दुरुस्त केली. मग दोघांचा चमच्यांवरून, मिठावरून, मोहाच्या फुलांवरून पत्रव्यवहार सुरू झाला. सात्यांचं नाव यांनी काढलंच नाही. काढलं त्या बाईंनी. पुढच्या पावसाळ्यासाठी त्यांना अळंबीची भाजी लिहून ठेवायची होती, तेव्हा त्यांनीच विचारलं, मारोतराव, तुमच्याकडे ओळखतात कशी? त्या लेखात वरच्या बाजूलाच त्यांनी यांच्या पानाची लिंक दिली.

अहेरीच्या डॉक्टरांची गोष्ट तर आमच्या कॉलनीत अजून सांगतात. एक तरुण डॉक्टर होते, साप चावला, ताप आला, पोट बिघडलं तर काय करावं यावर सोप्या मराठीत लिहायचे. मारोतभाऊ सुट्टी टाकून एसटीने अहेरीला गेले. तब्येत ठणठणीत, पण रांगेत बसून रीतसर नंबर लावला. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं तेव्हा यांना काहीच सुचेना. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला. तो खरोखरच वाढलेला निघाला.

परत आले ते गोळ्यांची पुडी घेऊन. मी विचारलं, “लिंकचं बोललात?”

“पह्यल्या भेटीत कसं बोलू?”

“अहो, पण इतक्या लांब गेलात.”

“वहिनी, गोळ्या देल्ल्या ना त्याईनं. आता दाखवाले जा लागन.”

ते पुन्हा गेले, काकड्या घेऊन. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनीच विचारलं की चंद्रपुरात एवढे दवाखाने असताना तुम्ही इथे का येता. तेव्हा कुठे यांनी फोन काढून पान दाखवलं. डॉक्टरांनी ते शेवटपर्यंत वाचलं. मागच्या पावसाळ्यात त्यांनी स्वतःही सात्यांचे रोगी पाहिले होते. आठवडाभरात त्यांच्या साइटवर लिंक आली, आणि मारोतभाऊंची रक्तदाबाची गोळी कायमची सुरू झाली. मी त्यांना म्हणायचे, त्या ब्लॉगपायी तुम्ही वाचलात. ते म्हणायचे, “आता दुसऱ्याईले वाचवू द्या.”

एका गोष्टीवर मात्र आमचं चांगलंच वाजलं. पानाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या बोलीत लिहिलं होतं: ‘ओळख पटली नाई तं खाऊ नका. शिक्का काई सांगत नाई. घरातल्या जाणत्या बाईले इचारा, अन् तिले बी शंका आली तं फेकून द्या.’ मी म्हटलं, हे प्रमाण मराठीत करूया, जास्त लोक शोधतील. बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं करा, म्हणाले, फक्त एवढ्याला हात लावू नका. “माही सासू असंच बोले.” मी त्यानंतर तो विषय काढला नाही.

मग मी बाळंतपणाला नाशिकला गेले. पान तोवर बरंच वर आलेलं होतं, शिक्केवाल्याच्या खाली चार-पाच घरं. जाण्याआधी मी मारोतभाऊंना स्वतः लिंक कशी टाकायची ते शिकवलं. तिथेच घोळ झाला.

परत येऊन पाहते तर पान पार तळाला गेलेलं. उघडलं आणि मला घेरीच यायची बाकी होती. सात्यांच्या माहितीखाली ‘आपली माणसं’ असा मथळा आणि त्याखाली लिंकांची ही लांब रांग. पुतण्याचं मोबाईलचं दुकान, मेव्हण्याची पिठाची चक्की, मित्राच्या मुलाची विमा एजन्सी, सिंदेवाहीच्या कोणाची तरी बी-बियाण्यांची जाहिरात. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, व्याह्यांचं लग्नाचं लॉन. त्या सगळ्यांनीही आपापल्या पानांवर सात्यांची लिंक टाकलेली. यंत्राला हा प्रकार सौदेबाजीसारखा दिसतो आणि बहुधा त्यामुळेच आपण खाली घसरलो, असं मी सांगितलं. शक्य तितकं हळू सांगितलं.

“पण वहिनी, ते म्हणे आमची बी टाका. नाई कसं म्हनू? दारात आलेल्याले?”

दोष त्यांचा नव्हताच. मंडईला आलेल्या पाहुण्याला कोणी दारातून परत पाठवत नाही. यंत्राला मात्र मेव्हणा कळत नाही. पुतण्याची, चक्कीची, विम्याची लिंक त्यांनी त्याच दिवशी काढली. व्याह्यांची काढवेना. त्यांची मुलगी त्या घरात दिलेली. मूल गावात मोठं लॉन होतं त्यांचं आणि स्वभाव मानी. सात्या निघायला जेमतेम महिना उरला होता. मारोतभाऊ रोज संध्याकाळी बिबट्याच्या भीतीने काठी घेऊन फिरायला जायचे. त्या दिवसांत ते आमच्या दारावरून मान खाली घालून जायचे, आत यायचे नाहीत.

एका रविवारी ते शेला आणि नारळ घेऊन मूलला गेले. सोबत कमलाबाई होत्या, त्यांनीच मला पुढे सगळं सांगितलं. फोनवरून सांगता आलं असतं, न सांगता काढूनही टाकता आली असती. पण काढायची तर समोर बसून सांगून काढायची, असं त्यांचं म्हणणं.

व्याही भडकले. “माह्या लॉनच्या नावानं तुमचं पान बाटते काय?”

मारोतभाऊंनी आवाज चढवला नाही. म्हणाले, “तुमच्या लॉनवर लग्नाचं जेवण असते. पाहुणा जेवला अन् सुखरूप घरी गेला, हेच पाह्यता ना तुमी? मी बी तेवढंच पाहून राह्यलो. माही सासू जेवली अन् घरी नाई आली.”

व्याह्यांनी शेला घेतला, पण खांद्यावर टाकला नाही, बाजूला ठेवला. दोन्हीकडची लिंक निघाली. त्या वर्षी मारोतभाऊंच्या गावच्या मंडईला व्याही आले नाहीत आणि मुलीलाही पाठवलं नाही. कमलाबाई मला म्हणाल्या, “ह्याईनं पाहुण्याईले जेवाले वाढलं, पण सारा ध्यान फाटकाकडं.”  मला तेव्हा मारोतभाऊंची फार दया आली आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

पान सावकाश वर चढलं. नागपूरच्या बाईंच्या ओळखीने आणखी दोघींनी लिंक दिली, एका शाळेने मुलांच्या पानावर घेतली, डॉक्टरांचं वाचून एका आरोग्याच्या साइटने. पण सात्यांचा तो मोसम हुकला. शिक्केवाला वरच राहिला. त्या दिवसांत मारोतभाऊ पेपर उघडला की आधी आतली पानं पाहायचे, कुठे काही घडलं का म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि सिंदेवाहीजवळच्या आपल्या गावी राहायला गेले. ज्येष्ठात एका सकाळी मी सवयीने शोधलं आणि त्यांचं पान पहिलं होतं. शिक्केवाला त्याच्या खाली. मी लगेच फोन केला. पान पहिलं आल्याचं सांगितलं.

“खाली हाय ना तो?” त्यांनी विचारलं.

“खाली आहे.”

“बरं झालं. कमलाले सांगतो.”

त्या दिवाळीनंतर मंडईला व्याही आले, मुलीला घेऊन.  महिनाभराने मला दिसलं की मूलच्या त्या लॉनच्या पानावर, बुकिंगच्या नंबरखाली, सात्यांच्या पानाची लिंक पुन्हा लागली आहे. बदल्यात काही न मागता. लग्नाच्या लॉनखाली विषारी अळंबीचा इशारा. त्या लिंकचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता. हे मी मारोतभाऊंना कधी सांगितलं नाही.

आज माझं काम बरं चालतं. लोक विचारतात, जाहिरात न करता तुमच्या साइटवर माणसं येतात कशी? मी काहीतरी तांत्रिक उत्तर देते. खरं उत्तर असं आहे की दुसऱ्याचं पान उघडण्याआधी मी हातातला चहा बाजूला ठेवते. परक्या मुलखात आलेल्या मला ओळखीपाळखी कशा जोडायच्या, हे त्या माणसाने कूलरच्या मोटरला तेल घालता घालता शिकवलं. त्याचे उपकार फिटायचे नाहीत आणि फेडायची मला घाईही नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते सिंदेवाहीच्या बाजारात. श्रावण होता. धान संशोधन केंद्राच्या एका कामासाठी मी तिथे गेले होते आणि त्यांनी हट्टाने जेवायला बोलावलं होतं. बाजारात भेटायचं ठरलं. एका बाईपुढे सात्यांचा वाटा मांडलेला होता आणि मारोतभाऊ पिशवी उघडून चार-दोन निवडत होते. शेजारी एक आई आणि तिची शाळकरी मुलगी उभी. आई म्हणाली, “ह्या दोन येगळ्याच दिसून राह्यल्या.” मुलीने फोन काढला, शोधलं आणि मोठ्याने वाचायला लागली.

“ओळख पटली नाई तं खाऊ नका. शिक्का काई सांगत नाई. घरातल्या जाणत्या बाईले इचारा, अन् तिले बी शंका आली तं फेकून द्या.”

आईने हातातल्या सात्या खाली ठेवल्या. विकणाऱ्या बाईनेही त्या दोन उचलल्या, उलट्या करून पाहिल्या आणि मागे फेकल्या. मी काही बोलणार तोच मारोतभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प राहिले. मुलगी त्यांच्याकडे वळली.

“आबाजी, तुमी बी नका घेऊ. मोबाईलवर लिवलं हाय.”

“हो का?” मारोतभाऊ म्हणाले. “बरं झालं बापा सांगितलं.”

त्यांनी पिशवी उलटी केली, सात्या एकेक करून वाट्यावर परत ठेवल्या आणि तरी विकणाऱ्या बाईच्या हातावर त्यांचे पैसे ठेवले. मायलेकी पुढे निघून गेल्या. ते त्या मुलीकडे पाहत तसेच उभे होते, वरचं बटण लावलेलं, डोळे भरलेले. मग मला म्हणाले, “सासू बी असीच मोठ्यानं बोले.”

आणि रिकामी पिशवी झटकून काकड्या घ्यायला वळले.